३०० मीटर परसू, घरचं भंगार आणि गोव्याचा पाऊस

प्रश्न थोडक्यात असा आहे. फोंड्याजवळ शेजाऱ्यांची ३०० चौरस मीटर पडीक जागा भाजी करायला मिळालीय, मालकाने दोन-तीन वर्षं करा म्हणून तोंडी सांगितलंय. घराचं जुनं छप्पर काढल्यामुळे कौलं पडून आहेत, थोडे चिरे (जांभ्याचे दगड) आहेत, प्लॅस्टिकचे ड्रम, सिमेंटच्या पिशव्या, टायर, असं बरंच सामान आहे. विकत शक्यतो काही न आणता यातून वाफे, खत आणि पाण्याची सोय कशी करायची, कारण व्हिडिओ बघून बघून डोकं गरगरतंय.

मी डिचोलीच्या बाजूची. २२ वर्षं परसू, म्हणजे घरची भाजीबाग, करतेय आणि त्यातली पहिली १० वर्षं दुसऱ्याच्याच जागेत केलं, त्यामुळे तुमची अडचण मला नीट कळते. सामानाकडे येण्याआधी माझी एक चूक सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

सुरुवातीला मी सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या धुवून त्यात आलं आणि हळद लावली होती, ४० पिशव्या. पहिल्या वर्षी इतकं छान पीक आलं की भेटेल त्याला मी तेच सांगत होते. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात पिशव्या हलवायला गेले तर हातात नुसती वरची कड आली, खालचं सगळं दोरे दोरे होऊन मातीत मिसळलेलं, आणि मी ते वेचेपर्यंत पाऊस सुरू झाला आणि पाण्याबरोबर ते दोरे सगळ्या वाफ्यांत पसरले. ती जागा सोडून मी स्वतःच्या जागेत आले तेव्हा तिथली चांगली माती गोणीत भरून आणली, तर तिच्यासोबत ते दोरे पण आले. अजूनही तण काढताना बोटाला पांढरा दोरा लागतो. त्या विणलेल्या पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात, उन्हात वर्षभरात कडक होतात आणि तुटतात. कुजत मात्र नाहीत, नुसत्या बारीक बारीक होत जातात. तांदळाच्या विणलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या त्याच जातीच्या.

तेव्हापासून कुठलंही भंगार परसात आणायच्या आधी मी स्वतःला एकच विचारते, चार महिने पाऊस आणि आठ महिने ऊन खाल्ल्यावर याचं काय होणार, आणि मोडलं की ते कुठे जाणार? मोडून माती होणार असेल तर बिनधास्त आणा. मोडून दगड-खापरी राहणार असेल तरी चालेल. पण मोडून कचरा होणार असेल तर तुम्ही कचरा वाचवला नाही, फक्त घरातून उचलून जेवणाच्या जमिनीत नेऊन ठेवला. पंचायतीची गाडी सुका कचरा न्यायला येते, त्यात दिलेली पिशवी निदान एका जागी तरी राहते.

दुसरं, जागा तुमची नाही हे कायम डोक्यात ठेवा. आपल्याकडे १९६४ चा कूळ कायदा आहे, जमीन कसणाऱ्याला हक्क देणारा, आणि १९७५ चा मुंडकार कायदा, दुसऱ्याच्या जागेत घर करून राहणाऱ्याला हक्क देणारा, त्यामुळे भाटकार, म्हणजे जमीनमालक, कुणाला जागेत पाय ठेवू द्यायला घाबरतात, आणि त्यांचं घाबरणं समजण्यासारखं आहे. म्हणून सिमेंट काँक्रीट काहीही करू नका, छपराची पक्की शेड नको, जे कराल ते दोन माणसांनी एका दिवसात उचलून नेता येईल असं करा. मालकाला एकदा बोलवून दाखवा पण. मी पहिल्या वर्षी चतुर्थीला मालकांच्या माटोळीसाठी (गणपतीवर फळं-भाज्या बांधतात ती) तवशी (काकडी), दोडकी आणि चिबूड नेऊन दिले, नंतर मी तिथे असेपर्यंत त्यांनी कधी विषय काढला नाही.

आता तुमच्याकडची सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे कौलं. तुम्ही ती शेवटी लिहिलीत असती तरी मी पहिली घेतली असती. मंगळुरी कौल भाजलेली माती आहे, पावसात सडत नाही, वाळवी खात नाही, फुटलं तरी खापरी होऊन मातीत बसते, आणि जागा सोडताना उचलून नेता येतं. गोव्यात पाऊस वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, त्यामुळे सपाट जमिनीवर भाजी लावली तर मुळं पाण्यात बसतात आणि चांगली माती वाहून जाते. वाफा एक वीतभर तरी उचललेला हवा आणि त्याला कड हवी. ती कड कौलांची करा. कौल उभं धरून तिसरा हिस्सा जमिनीत पुरायचं, किंचित आतल्या बाजूला कलतं, एकाला एक चिकटून. माती भरली की तिचा दाब कौल बाहेर ढकलतो, म्हणून आधीच आत कलतं ठेवायचं, हे मला दोनदा वाफा फुटल्यावर कळलं. रुंदी ४ फुटांपेक्षा जास्त नको, दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचला पाहिजे, म्हणजे आत पाय ठेवावा लागत नाही. लांबी कितीही, पण उताराला आडवी. उताराच्या दिशेने लांब वाफे केले तर पहिल्या मोठ्या पावसात दोन वाफ्यांमधला रस्ता ओहोळ होतो.

जुने नळे, म्हणजे अर्धगोल कौलं, असतील तर ते कडेला वापरून वाया घालवू नका. एकात एक अडकवून त्यांचा पाट करा, नळापासून किंवा विहिरीच्या टाकीपासून वाफ्यापर्यंत. पाणी जमिनीत मुरून वाटेतच संपत नाही आणि पाइपची गरज राहत नाही. आमच्याकडे कुळागरात (माड-सुपारीच्या बागेत) पाटाने पाणी फिरवतातच, त्याचंच हे छोटं रूप.

चिरे खतासाठी ठेवा. वाफ्याच्या कडेला चिरे लावले तर दिसायला छान दिसतं पण ३०० मीटरला किती चिरे लागतील, आणि उचलताना कंबर जाते.

एक धोक्याचं मात्र बजावून सांगते. छपराच्या सामानात जर सिमेंटचे नागमोडी जुने पत्रे असतील तर त्यांना हात लावू नका. जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतो, कापला, फोडला, ओढला की त्याची बारीक धूळ श्वासात जाते आणि ती फुफ्फुसातून बाहेर येत नाही. पुष्कळ लोक त्याचे तुकडे करून वाफ्याच्या कडा करतात, कृपा करून नको. अख्खा असेल तर आहे तिथे ओला करून झाकून ठेवा आणि पंचायतीला विचारून द्या.

टायर पण नको. काहीजण त्यात रंग मारून फुलं लावतात, तो त्यांचा प्रश्न, पण खायच्या भाजीच्या मातीला टायर उन्हात तापून झिजून लागत राहतो, त्याच्यातला जस्त आणि तेलकट रसायनं मातीत उतरतात. त्याहून वाईट म्हणजे त्याच्या आतल्या खोबणीत पाणी साचतं आणि गोव्यात दरवर्षी डेंग्यूचे पेशंट असतात, त्या डासांना अशीच जागा हवी असते. टायर पंक्चरवाल्याला देऊन टाका.

ड्रमचं सांगते, तुम्ही विचारलंय पावसाचं पाणी साठवायला वापरू का म्हणून. इथे हिशेब करून बघा. समजा २० चौरस मीटरचं छप्पर आहे. त्यावर १० मिलिमीटर पाऊस पडला की २०० लिटर झाले, म्हणजे एक सर आणि ड्रम भरला, बाकी वर्षभराचे ६०,००० लिटर वाहून गेले. आणि जेव्हा ड्रम भरतो तेव्हा तुम्हाला पाणी नकोच असतं, वाफे आधीच भिजलेले असतात. पाणी लागतं डिसेंबरपासून मे पर्यंत, तेव्हा आभाळातून थेंब नाही. लागवडीखालचे वाफे १०० मीटर धरले तर मार्च महिन्यात रोजचे ४०० ते ५०० लिटर लागतात, म्हणजे भरलेला ड्रम अर्धा दिवस पुरला. बाहेरच्या देशातल्या व्हिडिओत ड्रम लावतात कारण तिकडे वर्षभर थोडा थोडा पाऊस पडतो, ड्रम रिकामा होतो आणि परत भरतो. आपल्याकडे तो पाऊस जमिनीत घालायचा. विहीर असेल तर छपराचं पाणी गाळून तिच्या जवळच्या खड्ड्यात सोडा, खड्ड्यात तळाला फुटकी कौलं, वर जाडी खडी, वर वाळू. विहीर नसेल तर उताराच्या वरच्या बाजूला आडवे चर खणा आणि त्यात नारळाची सोडणं भरा.

सोडणांबद्दल लोक फार कमी लिहितात म्हणून थोडं सविस्तर. माडाच्या बागेत जुनी पद्धत आहेच, माडाभोवती चर खणून सोडणं पुरायची. पोकळ बाजू वर करून थर लावायचे आणि सगळ्यात वरचा थर पालथा, वर माती. पावसात ती पाणी पिऊन फुगतात आणि जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत हळूहळू सोडतात, वर कुजताना पोटॅश पण देतात. मी हेच वेलभाजीच्या आळ्यात करते, दीड फूट खोल खड्डा, तळाला सोडणांचे दोन थर, वर शेणखत-माती. फक्त ताजी सोडणं थेट नको, त्यांच्यातला तांबूस रस कोवळ्या मुळांना बाधतो. एक पाऊस उघड्यावर पडलेली, काळपट झालेली सोडणं घ्या. समुद्राच्या जवळची असतील तर नक्कीच आधी पावसात धुवून निघू द्या, त्यात मीठ असतं. नारळ सोलणाऱ्याकडे ढीग पडलेला असतो, आनंदाने देतात.

मग ड्रमचं काय करायचं? विहिरीचं किंवा नळाचं पाणी सकाळी भरून ठेवायला, आणि शेणाचं पाणी करायला वापरा. पण आधी त्यात काय होतं ते विचारा. मी एकदा भंगारवाल्याकडून निळा ड्रम आणला, पाच वेळा धुतला, थोडा गोडसर वास येत राहिला, मी म्हटलं जाईल. त्यातल्या पाण्यावर वाढलेल्या टोमॅटोचे सगळे शेंडे वळले. आत काय होतं ते आजपर्यंत कळलं नाही, ड्रम परत दिला. खाद्यतेल, लोणचं, सरबत, मोलॅसिस असं काहीतरी आधी भरलेलं होतं हे नक्की माहीत असेल तरच घ्या. बुडाला त्रिकोणात २ किंवा ५ आकडा असलेलं प्लॅस्टिक त्यातल्या त्यात बरं, ३ असेल तर पाण्यासाठी नको. तोंडाला जुन्या मच्छरदाणीचा तुकडा घट्ट बांधा, डासांसाठी, आणि खारी पडून मरतात त्यासाठी पण. रंगाच्या २० लिटरच्या बादल्या मी शेण, माती वाहायला वापरते, त्यात भाजी लावत नाही.

पाणी वाचवायचं खरं काम करतात ती मडकी. घरात गळका माठ असतोच आणि कोणी टाकत नाही, कोपऱ्यात ठेवलेला असतो. तो परसाचा आहे. तडा मोठा असेल तर बाहेरून थोडं सिमेंट लावायचं, केसाएवढा असेल तर तसाच. वाफ्यात गळ्यापर्यंत पुरायचा, पाणी भरायचं, तोंडावर कौलाचा तुकडा किंवा करवंटी. भोवती चार मिरच्या किंवा चार वांगी, किंवा दोन तवशीचे वेल. माती सुकली की मडकं पाझरतं, ओली असली की थांबतं, त्यामुळे झाडाला हवं तेवढंच जातं आणि वरची माती कोरडी राहिल्यामुळे तण पण कमी. ६-७ लिटरचं मडकं मला मार्चमध्ये तीन दिवस पुरतं. रंगवलेलं किंवा चकाकी दिलेलं पाझरत नाही हे लक्षात ठेवा. दोन वर्षांनी भोकं बुजतात, तेव्हा काढून काथ्याने घासून आठ दिवस उन्हात ठेवलं की परत चालू. डिचोलीत कुंभारांकडे भाजताना वाकडी झालेली मडकी कमी किमतीत मिळायची, तुमच्याकडे पण बाजारात विचारून बघा. प्लॅस्टिकच्या बाटलीला भोक पाडून उलटी खुपसायची ती पद्धत मी दोन हंगाम केली, भोक चिखलाने बंद होतं नाहीतर तासाभरात बाटली रिकामी, आणि मे महिन्यात बाटलीचा चुरा. सोडून दिली.

बाटलीचा एक उपयोग मात्र मी कधी सोडणार नाही, फळमाशीचा सापळा. कारलं, दोडकं, तवशी वाकडी होऊन आतून सडते ना, ती फळमाशी. एक लिटरची बाटली, वरच्या बाजूला बोट जाईल अशी तीन-चार भोकं, आत क्यू-ल्यूरची गोळी (माशीला ओढणारं आमिष), बियाण्याच्या दुकानात मिळते, आणि तळाला थोडं साबणाचं पाणी. वेलाला फुलं यायला लागली की मांडवाला टांगायची, नंतर लावून फायदा कमी. आंब्याच्या झाडाला टांगायची असेल तर क्यू-ल्यूर चालत नाही, तिथे मिथाइल युजेनॉल लागतं, कारण माशीची जात वेगळी. घरचं करायचं तर तुळशीची पानं चुरगळून टाका, तुळशीत तेच मिथाइल युजेनॉल असतं, पण दोन दिवसांत वास जातो. बाटली मातीला लागत नाही, हंगाम संपला की काढून घरी आणायची, म्हणून ती माझ्या नियमात बसते.

आता खत. गोव्यात खड्डा खणून खत करणं म्हणजे पावसाळ्यात शेणाची तळी करणं. जमिनीच्या वर करा. चिरे रचून ३ फूट बाय ३ फूट, उंची ३ फूट, चुना-सिमेंट न लावता, चिऱ्यांमध्ये दोन बोटं फट ठेवून, समोरची बाजू उघडी आणि तिथे आडव्या बांबूच्या पट्ट्या. तळाला सोडणं. असे दोन कप्पे शेजारी शेजारी, एक भरत असताना दुसरं पिकतं. वरून झाकण अगदी हवंच, ३००० मिलिमीटर पाऊस त्यातून गेला तर खालून काळं पाणी वाहतं तेच तुमचं खत. बांबूच्या चौकटीवर कौलं ठेवा नाहीतर माडाच्या चुडतींची विणलेली झापं. फ्लेक्सचे बॅनर झाकायला एक पावसाळा चालतात, पण फाटायला लागल्याबरोबर काढा, त्याचा पापुद्रा सुटतो.

भरायचं कसं हे सगळे सांगतात, ओलं एक बादली तर सुकं दोन बादल्या. पण खरी अडचण कोणी सांगत नाही, ती म्हणजे जून ते सप्टेंबर सुकं मिळत नाही. घरातला ओला कचरा रोज येतो, तण ढिगाने निघतं, आणि सुकं पान एक नाही, मग खत चिकट होतं, वास येतो, अळ्या होतात आणि माणूस म्हणतो माझ्याच्याने खत होत नाही. म्हणून मी घरासाठी पुरुमेत करते तसं खतासाठी पण करते. पावसाच्या आधी आपण सुकी मासळी, मिरची, सोलं भरून ठेवतो ना, तसंच फेब्रुवारी ते एप्रिल पडलेली पानं तागाच्या गोणीत दाबून भरायची आणि पडवीत कोरडी ठेवायची. माझ्या चार माणसांच्या घराला २० ते २५ गोणी लागतात. आपल्याकडे याच दिवसांत रस्त्याकडेला पानांना आग लावतात, मला तो धूर बघितला की पोटात तुटतं, कारण तेच पान जूनमध्ये सोन्यासारखं लागणार असतं. मी झाडूवाल्या बायकांना सांगून ठेवलंय, त्या माझ्यासाठी गोणी भरून ठेवतात आणि मी त्यांना भाजी देते.

सगळी पानं सारखी नाहीत. काजू आणि आंब्याची जाड, चामड्यासारखी, वर्ष वर्ष तशीच राहतात, ती गोणीत भरून पायाने तुडवून चुरा करा मग टाका. फणसाची मध्यम. ऑस्ट्रेलियन अकेशियाची मी खतात घेतच नाही, वाटेवर पसरते. करंज आणि गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) लवकर कुजतात. तुमचं या वर्षीचं पुरुमेत चुकलंय, त्यामुळे आता भात कापणी झाली की पेंढा मागा आणि रसवंतीवाल्याकडून उसाचा चोथा आणा, मुंग्या येतात पण चालतं. लाकडाचा भुसा सॉ मिलमधला चालेल, प्लायवूडचा नको, त्यात डिंकाची रसायनं असतात.

मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या भट्टीजवळ बोंडांचा पिळून टाकलेला चोथा पडलेला असतो, तो फुकट मिळतो आणि खूप चांगला आहे, पण ताजा थेट झाडाला घालू नका. आंबट असतो, तापतो, माश्या घोंगावतात. सुक्या पानांत थर देऊन, मध्ये थोडी राख भुरभुरून तीन महिने ठेवा.

मासळीचं पाणी लिंबाला आणि कढीपत्त्याला आपल्या आया-आज्ज्या घालतच होत्या. डोकी, खवलं, काटे मी खतात टाकत नाही, कुत्री आणि मुंगूस उकरतात. वेलाच्या आळ्यापासून हातभर लांब दीड फुटाचा खड्डा, त्यात मासळीचं, वर दोन ओंजळी सुकी पानं, माती आणि वर चिरा. खाऱ्या मासळीचं मात्र कधीच नाही. तिसऱ्यांच्या शिंपल्या उन्हात सुकवून दगडाने ठेचा आणि वाफ्यात मिसळा. आपली जांभ्याची माती आंबट असते, शिंपल्या म्हणजे चुनाच, हळूहळू उतरतो. चुलीची राख पण त्यासाठीच, मीटरला एक मूठ, वर्षातून एकदा. राख आणि ताजं शेण एकत्र कालवू नका, नत्र उडून जातं, नाकाला झोंबतं तेच ते. आधी एकदा तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात जाऊन माती तपासून घ्या, किती आंबट आहे ते कळल्याशिवाय राखेचा हात सैल सोडू नका.

मांडवाकडे येते. वेळूचे खांब वाळवीने एका वर्षात जमिनीलगत खाल्ले जातात. लोक त्यांना गाडीचं जळकं ऑइल फासतात, ते नको, त्यातले जड धातू मातीत जातात. कापलेला वेळू दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला की आतला गोडवा जातो आणि किडा कमी लागतो. पण सगळ्यात बरं म्हणजे जिवंत खांब. जूनमध्ये गिरिपुष्पाच्या मनगटाएवढ्या जाड, ६ फुटी फांद्या रोवा, फुटतात, दुसऱ्या वर्षी त्यावर मांडव बांधा. पाला छाटून वाफ्यात घाला, नत्र भरपूर. वाळवी जिवंत लाकडाला सहसा लागत नाही. आधी मालकाला विचारा फक्त, झाड लावलं म्हटलं की ते दचकतात.

मांडवाला मासेमारीची जुनी जाळी छान, बेतूल, शापोरा, मालीम कुठल्याही जेटीवर फाटकी जाळी पडलेली असतात. पण जाड दोऱ्याची, मोठ्या डोळ्याची घ्या आणि जमिनीपासून दोन फूट वरच संपवा. मी एकदा बारीक तंगूसचं (नायलॉनच्या दोऱ्याचं) जाळं कोंबड्यांसाठी जमिनीपर्यंत सोडलं होतं. सकाळी बघितलं तर त्यात धामण अडकलेली, सोडवून घ्यायला धडपडून तिचे खवले निघालेले. आम्ही कात्रीने एक एक दोरा कापला, अर्धा तास, ती गेली पण जगली असेल असं वाटत नाही. धामण उंदीर खाते, परसाची मैत्रीण ती. त्या दिवशी सगळं बारीक जाळं काढलं. मोर आणि कोंबड्या रोपं उपटतात त्यासाठी पेडेस्टल फॅनची जुनी जाळी रोपांवर पालथी घाला, खताला चाळण म्हणून पण तीच.

माकडांवर भंगारातलं काहीच चालत नाही. सीडी टांगा, चमकत्या पट्ट्या लावा, बाहुली उभी करा, आठवडाभर बघतात आणि मग त्यावरच बसतात. माझी समजूत अशी की माकडांच्या वाटेवर त्यांना कमी आवडतं तेच लावावं, सुरण, हळद, आलं, मिरची, अळू, आणि भेंडी-वाल घराच्या बाजूला जिथे माणूस दिसतं.

आणि हे उरलेलं सामान, कौलं-चिऱ्यांचा ढीग, वाफ्यांजवळ रचू नका. त्याच्यात फुरसं, घोणस राहते आणि पावसात आफ्रिकन गोगलगायी शेकड्याने. ढीग दूर, दोन चिऱ्यांवर फळ्या टाकून त्यावर, आणि कौल उचलताना आधी काठीने सरकवायचं, बोटं खाली घालायची नाहीत, दिवसा पण नाही. गोगलगायींसाठी ओली तागाची गोणी संध्याकाळी वाफ्याजवळ टाका, खाली पपईची पानं, सकाळी उलटून हातमोजा घालून वेचा आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ वाफ्यावर कधी टाकू नका.

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीच्या बाजूने लाकडी पॅलेट (माल ठेवायच्या चौकटी) मिळतात, त्यावर शिक्का बघा, एचटी असेल तर लाकूड नुसतं तापवलेलं, एमबी असेल तर विषारी वायू दिलेला, तो घेऊ नका. थर्मोकोलची मासळीची खोकी मी घेत नाही, दाणे सुटले की पावसाने थेट ओहोळात. बिअरच्या बाटल्या कडेला पुरण्यापेक्षा भंगारवाल्याला द्या, त्या परत भरल्या जातात. रोपांसाठी करवंट्या, खाली भोक पाडून, किंवा केळीच्या सोपटाच्या वाट्या, त्या रोपासकट मातीत जातात.

आता सप्टेंबर संपत आलाय, म्हणून सगळं एकदम करू नका. पाऊस ओसरला की तण कापून तिथेच पाडा, वर टेप काढलेली पुठ्ठ्याची खोकी ओली करून अंथरा, वर पेंढा. जमिनीलगत पुठ्ठा वाळवी खाते पण तोपर्यंत तण मेलेलं असतं, फक्त रोपाच्या बुंध्यापासून वीतभर लांब ठेवा. या वर्षी ५ वाफे कौलांचे, ३०० मीटर एका हंगामात कोणाच्याने होत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन वाफ्यांत तांबडी भाजी, ती २५-३० दिवसांत हातात येते आणि हुरूप टिकतो, एकात मुळा, दोनांत मडकी पुरून वांगी-मिरची. खताचे कप्पे डिसेंबरपर्यंत उभे राहिले तरी चालतील, पण तागाच्या गोण्या आत्तापासून जमवा, फेब्रुवारीत पानं पडायला लागली की शोधत बसायला वेळ नसतो. जागेत विहीर आहे की नळ, आणि उतार कुठल्या बाजूला आहे ते कळवा, मग मडकी किती आणि चर कुठे ते नक्की सांगते. सात शिरांच्या भेंडीचं बी माझ्याकडे आहे, राखेत घालून काचेच्या बरणीत ठेवलंय, मे महिन्याच्या शेवटी येऊन घेऊन जा.